महापूर, मदत आणि राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून सांगली-कोल्हापुरात शिरल्या. सरकारने काय केलं, काय केलं नाही, यावर तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. दर पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी वाढू लागली की तेच आरोप, तेच खुलासे आणि तेच व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतात. त्या वादातले नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे गरज पडली तिथे २०२१ आणि २०२५ च्या पुराचे दाखलेही दिले आहेत.

लोक पाण्यात अडकलेले असताना राजकारण करावं का?

"ही राजकारणाची वेळ नाही" हे कोण म्हणतंय ते आधी बघा. बहुतेक वेळा तो सत्तेतला माणूस असतो. २०१९ मध्ये भाजप-शिवसेनेचे नेते हे म्हणत होते, २०२१ मध्ये महाविकास आघाडीचे. दोन्ही वेळा या वाक्याचा उपयोग प्रश्न पुढे ढकलण्यासाठी झाला.

बोटी किती घ्यायच्या आणि कुठे ठेवायच्या, धरणातून पाणी कधी सोडायचं, नदीकाठच्या बांधकामांना परवानगी द्यायची की नाही, मदतीचा निकष काय असावा, हे सगळे राजकीय निर्णय आहेत. ते निवडून आलेली माणसं घेतात. तेव्हा त्यांना जाब विचारणंही राजकारणच आहे आणि त्यात गैर काही नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. काही आठवड्यांत मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना पद सोडावं लागलं. पुढची दोन दशकं त्या राज्यातलं कोणतंही सरकार वादळाकडे दुर्लक्ष करायला धजावलं नाही, यात त्या राजकीय किमतीचा वाटा मोठा आहे.

गैर काय, तर बचावकार्याच्या आड येणं. कार्यकर्त्यांचा ताफा घेऊन अरुंद रस्ता अडवणं, बोटीत पूरग्रस्तांच्या जागी कॅमेरामन बसवणं, खोटा आकडा पसरवणं. यांना विरोध करायलाच हवा, मग ते सत्ताधारी करोत की विरोधक.

२०१९ मध्ये वाद नेमका कशावरून पेटला?

वेळेवरून. विधानसभा निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर आली होती. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा १ ऑगस्टला अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून निघाली होती. त्याच आठवड्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांवर गेलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची खूण. तिथे कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी त्या वेळच्या खुणेवर विसंबून सामान माळ्यावर ठेवलं आणि पाणी माळ्यापर्यंत आलं.

पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. दूध, पेट्रोल, औषधं यांची वाहतूक अडली. दोन्ही जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना हलवावं लागलं. पाणी चढल्यावर यात्रा थांबवली गेली आणि मुख्यमंत्री पूरभागात आले, पण सुरुवातीचे दिवस हातचे गेले, हा विरोधकांचा मुख्य आरोप होता. क्वचितच पडतो असा पाऊस पडला, त्यापुढे कुठलीही यंत्रणा तोकडी पडली असती, असा सूर सत्ताधाऱ्यांचा होता.

या दोन बाजूंत निवाडा करायचा तर यात्रेचं वेळापत्रक पाहून भागणार नाही. इशारा पातळी कोणत्या तारखेला, किती वाजता ओलांडली? एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) मागणी कधी गेली? पहिली बोट शिरोळ तालुक्यात कधी उतरली? सरकारी दप्तरात या तिन्ही वेळा नोंदवलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजेच दिरंगाई. चॅनेलवरच्या चर्चेत हे तीन प्रश्न फार कमी वेळा ऐकू आले.

ब्रह्मनाळची दुर्घटना सरकारी अपयश म्हणायची की अपघात?

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्टला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. त्यात बायका आणि लहान मुलं होती. बोट सैन्याची नव्हती, एनडीआरएफचीही नव्हती. ती गावातलीच होती आणि तिच्यात झेपतील त्याहून जास्त माणसं चढली होती.

"गर्दी केली म्हणून बुडाले" असं तेव्हा काहींनी म्हटलं. हे फार निर्दय आहे. चारही बाजूंनी पाणी, वीज नाही, पुढची बोट येईल की नाही याचा भरवसा नाही, अशा वेळी समोरची बोट कोण सोडेल? खरा प्रश्न असा आहे की कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या या गावाला पूर नवा नव्हता. तिथे लाइफ जॅकेट आणि पुरेशा बोटी पावसाळ्याआधी का पोहोचल्या नव्हत्या? अपघात त्या एका क्षणात झाला, पण त्याची तयारी कित्येक महिन्यांच्या दुर्लक्षाने आधीच झाली होती.

"दोन दिवस पाण्यात बुडालेलं असेल तरच धान्य" हा आदेश खरा होता का?

हो. ऐन पुरात निघालेल्या शासन निर्णयात पूरग्रस्त कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत देण्याची तरतूद होती, आणि त्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट होती. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि लोक संतापले.

सरकारचा खुलासा असा होता की निकष जुनाच आहे, उलट आधीपेक्षा तो सैल केला आहे. हा खुलासा समजून घ्यायला हवा, कारण त्यात आपल्या मदतयंत्रणेचा स्वभाव दिसतो. महसूल खात्यात पूर आला की कुणीतरी मागच्या पुराचा निर्णय काढतो, तारखा बदलतो, एखादा आकडा वाढवतो आणि सहीला पाठवतो. जुन्या कागदातली अटही नव्या कागदात तशीच उतरते. ज्याच्या घरात एक दिवस छातीभर पाणी होतं त्याचं पीठ, तांदूळ, डाळ सगळं पहिल्या तासातच गेलेलं असतं. दोन दिवस मोजणारा तलाठी तिथे नव्हता, असणं शक्यही नव्हतं.

या प्रकरणात माध्यमांनी चांगलं काम केलं असं माझं मत आहे. मूळ कागद दाखवला, अट वाचून दाखवली आणि सरकारला बोलावं लागलं. पुढे ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार रुपयांची मदत जाहीर झाली, त्यातले पाच हजार रोख. बँकाच पाण्याखाली असताना रोख रक्कम देणं आवश्यक होतं आणि तो निर्णय योग्य होता, हेही सांगितलं पाहिजे.

अलमट्टीमुळे पूर आला का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वापरला गेलेला हा प्रश्न आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी दिली आहे आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून विसर्ग वाढवावा म्हणून फडणवीस कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याशी बोलले आणि विसर्ग पाच लाख क्युसेकच्या (सेकंदाला पाच लाख घनफुटांच्या) वर गेला. तेव्हा दोन्ही राज्यांत भाजपचीच सरकारं होती. त्यामुळे "आधी का बोलला नाहीत" हा प्रश्न विरोधकांनी लावून धरला.

पाणी ओसरल्यावर सरकारने निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२० मध्ये आला. तोवर सरकार बदललं होतं आणि जलसंपदा खातं सांगली जिल्ह्यातल्याच जयंत पाटील यांच्याकडे होतं. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा (धरणात अडवल्यामुळे नदीत मागे चढणारं पाणी) कारणीभूत नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. कमी वेळात पडलेला प्रचंड पाऊस, नदीपात्रातली आणि पूररेषेतली अतिक्रमणं, आक्रसलेले ओढे-नाले, यांच्याकडे तिने बोट दाखवलं.

सांगलीतल्या पूरनियंत्रणावर काम करणाऱ्या नागरिकांना आणि काही निवृत्त अभियंत्यांना हा निष्कर्ष पटलेला नाही. कर्नाटकातला हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी यांच्यामुळे पाणी उतरायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे. पूर येणं आणि पूर रेंगाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा तांत्रिक आहे आणि तो तांत्रिक पातळीवरच सोडवायला हवा.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. आपल्याच समितीने एक सांगायचं आणि राज्यातल्या नेत्यांनी सभेत दुसरं सांगायचं, हे सहा वर्षं चाललं आहे, सरकार कुणाचंही असो. अलमट्टी दोषी असेल तर वडनेरे अहवाल कुठे चुकला ते लेखी सांगा. अहवाल बरोबर असेल तर त्यातल्या अतिक्रमणांचं काय केलं ते सांगा. शेजारच्या राज्याला दोष देणं सोपं जातं, कारण त्यासाठी आपल्या शहरातला एकही बिल्डर दुखावावा लागत नाही.

धरणं आधीच रिकामी का ठेवली नाहीत?

प्रत्येक धरणाला जलाशय परिचलन सूची असते. कोणत्या तारखेला किती साठा असावा, हे त्यात ठरलेलं असतं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला ते बरंच भरलेलं असणं अपेक्षितच असतं, कारण पुढे पावसाने दडी मारली तर वर्षभराची वीज आणि शेती अडचणीत येते. जास्त पाणी सोडून दिलं आणि पाऊस आला नाही, तर त्याच अभियंत्यावर "पाणी वाया घालवलं" म्हणून कारवाई होईल. त्यामुळे कुणीही सूचीबाहेर जायला तयार नसतो.

म्हणून विचारायचं ते हे: हवामान खात्याचा अंदाज बघून सूचीत बदल करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो त्याने वापरला का? धरणांच्या खाली मोकळ्या पाणलोटात पडणारं पाणी कोणताही दरवाजा अडवू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्या पाण्यासाठी नदीला जागा मोकळी ठेवणं हाच मार्ग उरतो.

मंत्र्यांनी पूरभागात जावं की जाऊ नये?

गेले तर पर्यटन, नाही गेले तर बेफिकिरी, अशी कोंडी होते हे खरं. तरीही यातून वाट काढता येते.

तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतला व्हिडिओ आठवत असेल. त्यात ते हसत हात हलवताना दिसले आणि विरोधकांनी राजीनामा मागितला. आपण मदतीसाठीच गेलो होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्या हसण्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. महाजन जलसंपदामंत्री होते. धरणांचा विसर्ग, कर्नाटकशी समन्वय, परिचलन सूची हे सगळं त्यांच्याच खात्यात येत होतं. चार दिवस चर्चा त्यांच्या चेहऱ्यावर झाली, खात्यावर जवळपास झालीच नाही. अशा व्हिडिओमुळे मंत्र्याचं नुकसान झाल्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात तो कठीण प्रश्नांतून सुटतो.

अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर राष्ट्राध्यक्ष बुश विमानाच्या खिडकीतून बुडालेलं न्यू ऑर्लिन्स बघतानाचं छायाचित्र असंच गाजलं होतं. तिथे मात्र नंतर संसदीय चौकशी झाली, अहवाल छापला गेला आणि संघराज्याच्या आपत्ती संस्थेच्या प्रमुखाला जावं लागलं. 

उलट उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी लातूरला पोहोचले. त्या भेटीची आठवण आजही निघते, कारण तिथे बसून निर्णय झाले. भेटीने काय हललं, एवढंच बघायचं. हवाई पाहणीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. वरून पाणी दिसतं, पाण्यातला माणूस दिसत नाही.

मदतीच्या पाकिटावर नेत्याचा फोटो लावला तर बिघडलं काय?

बिघडतं. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे फोटो दिसले, २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या पुरात पुन्हा तोच प्रकार झाला. पक्षाच्या पैशातून किट असेल तर कायद्याने अडवता येणार नाही, पण सरकारी धान्यावर चिकटवलेला फोटो म्हणजे लोकांच्याच पैशाने लोकांवर उपकार केल्याचा देखावा. स्टिकर लावण्यात गेलेले तास कुणाच्या तरी उपवासाचे असतात. पूरग्रस्त मदत हक्काने घेतो. त्याने कुणाचे आभार मानावेत अशी अपेक्षाच चुकीची आहे.

"केंद्राने एक रुपयाही दिला नाही" हा आरोप कसा तपासायचा?

आधी पैसा कसा येतो ते बघू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता. हा निधी दरवर्षी ठरलेलाच असतो, पूर येवो न येवो. महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक राहिला आहे. राज्याचा निधी पुरला नाही तर केंद्राच्या राष्ट्रीय निधीतून जादा मदत मागता येते. त्यासाठी राज्य निवेदन पाठवतं, केंद्राचं पथक पाहणी करतं आणि मग दिल्लीत रक्कम ठरते.

त्यामुळे केंद्रातला पक्ष म्हणतो "दिले" तेव्हा तो अनेकदा नेहमीचा वार्षिक हप्ता मोजत असतो. विरोधक म्हणतात "काही दिलं नाही" तेव्हा ते फक्त जादा मदत मोजत असतात. दोघेही आपापल्या परीने खरं बोलतात आणि ऐकणारा फसतो. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राकडे ६,८१३ कोटी मागितले. त्यात सांगली, कोल्हापूर, सातारा यांच्यासाठी ४,७०८ कोटी होते, बाकी कोकण, नाशिक वगैरे भागांसाठी. मागितले किती, मंजूर किती आणि खात्यावर आले किती, हे तीन आकडे वेगळे असतात. बातमीत यातला कोणता आहे ते आधी बघा.

मोठ्या पॅकेजचा आकडा खरा असतो का?

आकडा खरा असतो, पण त्याची फोड बघायला हवी. २०२१ च्या पुरानंतर ठाकरे सरकारने ११,५०० कोटी जाहीर केले. त्यातले १,५०० कोटी तातडीच्या मदतीचे होते, ३,००० कोटी पुनर्बांधणीचे आणि ७,००० कोटी दीर्घकालीन उपायांचे. म्हणजे मथळ्यातला आकडा वाचून चिपळूणच्या दुकानदाराच्या मनात जे आलं, त्याच्याशी त्यातल्या थोड्याच भागाचा संबंध होता.

२०२५ मध्ये मराठवाडा-सोलापुरातल्या पुरानंतर फडणवीस सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज दिलं. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत मनरेगातून, असं त्यात होतं. मनरेगाचा पैसा मजुरीच्या कामातून यायचा, तो शेतकऱ्याच्या खात्यावर एकरकमी पडत नव्हता. सीना नदीने ज्याच्या शेतातली काळी माती उचलून नेली आणि खाली नुसता मुरूम ठेवला, त्याला गाळ-माती आणून टाकायची तर पैसा आज हवा असतो. पॅकेज मोठं की छोटं यावर वाद घालण्यापेक्षा दिवाळीपर्यंत खात्यावर किती आले, हे गावागावांत जाऊन विचारणं जास्त उपयोगाचं. काही जिल्हा वार्ताहर ते नेमाने करतात आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानावर जातात.

"राष्ट्रीय आपत्ती" आणि "ओला दुष्काळ" जाहीर करा, या मागण्यांनी काय मिळतं?

पहिलीने कायद्याने काहीच नाही. राष्ट्रीय आपत्ती जाहीर करण्याची तरतूदच नाही. "गंभीर स्वरूपाची आपत्ती" असा दर्जा मात्र केंद्र देतं, जसा २०२४ च्या वायनाड दरडीला डिसेंबरमध्ये मिळाला, म्हणजे घटनेनंतर काही महिन्यांनी. ओला दुष्काळही दुष्काळाच्या नियमपुस्तिकेत बसत नाही, कारण ती पाऊस न पडण्यावरच बेतलेली आहे. पण ही मागणी करणारा शेतकरी त्या शब्दातून वसुली थांबवणं, वीजबिल, परीक्षा फी यांतली सवलत मागत असतो. २०२५ मध्ये सरकारने दुष्काळाच्या सवलती लागू केल्या, ते त्या दबावामुळेच.

दिल्लीच्या चॅनेलांनी २०१९ च्या पुराकडे दुर्लक्ष का केलं?

५ ऑगस्टला संसदेत कलम ३७० चा निर्णय झाला. ६ ऑगस्टला सुषमा स्वराज गेल्या. नेमक्या त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगली बुडत होतं. त्या बातम्या मोठ्या होत्याच, पण चार लाख लोकांचं विस्थापन तळाच्या पट्टीत जावं इतकं किरकोळ नव्हतं. याचा परिणाम नुसता भावनिक नसतो. राष्ट्रीय पडद्यावर दृश्यं दिसली की देशभरातून मदत येते आणि केंद्रावर दबाव येतो. त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी किल्ला लढवला. कित्येक वार्ताहरांची स्वतःची घरं पाण्यात होती.

पुरात अफवा कशा ओळखायच्या?

धरण फुटल्याची अफवा जवळपास प्रत्येक पुरात उठते. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात अशाच अफवेने चेंगराचेंगरी झाली आणि माणसं मेली. संदेशात तारीख, वेळ आणि कोणत्या कार्यालयाने सांगितलं हे नसेल तर पुढे पाठवू नका. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख असतात. त्यांच्या कार्यालयाने दर दोन-तीन तासांनी पातळी आणि विसर्ग जाहीर केला तर अफवेला जागाच उरत नाही. अफवा पसरली म्हणून गुन्हे दाखल करणाऱ्या प्रशासनाने आपण शेवटची अधिकृत माहिती कधी दिली, हेही सांगावं.

सरकार बदललं की काही बदलतं का?

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली आणि कोल्हापुरात पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या वर गेली. आता मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते आणि विरोधी पक्षनेते फडणवीस. ३० जुलैला पाहणी करताना दोघे कोल्हापूरच्या शाहूपुरीत भर रस्त्यात समोरासमोर आले, बोलले, कॅमेरे लागले. दोन वर्षांपूर्वी फडणवीसांना जे विचारलं गेलं होतं ते आता फडणवीस विचारत होते. शाहूपुरीतल्या दुकानदारांच्या तळमजल्यात दोन्ही वेळा तेच पाणी होतं.

काही गोष्टी मात्र सुधारल्या होत्या. २०१९ चा अनुभव असल्याने लोकांना आधी हलवलं गेलं, जनावरंही वेळेत बाहेर काढली गेली. हे श्रेय तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गावातल्या तरुण मंडळांचं आहे. त्यांची नावं कुठल्याच चर्चेत आली नाहीत.

सरकारने चांगलं काम केलं हे कसं ओळखायचं?

चांगल्या कामाची दृश्यं नसतात, ही यातली अडचण आहे. २०१३ च्या फायलीन वादळाआधी ओडिशाने सुमारे दहा लाख लोक हलवले, २०१९ च्या फनीच्या वेळी बारा लाख. १९९९ च्या तुलनेत मृत्यू नगण्य झाले. निवारागृहात शांत बसलेल्या बाईचं चित्र कोण दाखवतं? छपरावरून हात हलवणारी बाई मात्र दिवसभर पडद्यावर असते. माणसं छपरावर चढण्याआधी बाहेर निघाली असतील तर सरकारचं कौतुक मोकळ्या मनाने करावं, पक्ष कुठलाही असो. टीकेला त्यामुळेच वजन येतं.

कॅमेरे गेल्यावर काय बघायचं?

तीन ठिकाणी नजर ठेवावी. पहिली पंचनाम्यांवर: पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेलं तरच मदत मिळते. त्यामुळे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर प्रत्यक्ष आले की यादी चावडीत बसून झाली, याने सगळा फरक पडतो. कूळ म्हणून किंवा बटईने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. तो यादीतून सहज गळतो आणि त्याच्याविषयी कुणी बोलत नाही.

दुसरी पूररेषेवर. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषांच्या आत कोणती बांधकामं उभी राहतात, त्यांना परवानगी कोण देतं, रेषाच सरकवण्याचा घाट कोण घालतं, हे महापालिकेच्या सभेत ठरतं. तिथे गॅलरी रिकामी असते. २०१९ मध्ये सरकारवर तुटून पडलेले कितीतरी जण पुढे त्याच रेषेच्या आत प्लॉट विकायला बसले.

तिसरी शमन निधीवर. राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी राखलेला असतो. आपल्या जिल्ह्यात तो कुठे खर्च झाला, असा साधा माहिती अधिकार अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात देता येतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मार्चमध्ये अर्ज टाकला तर उत्तर पावसाळ्याआधी हातात येतं आणि मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत पालकमंत्र्यांसमोर ते ठेवता येतं.